वहीतली आडवी रेघ

४ सप्टेंबर

प्रिय बेडकी,

गुडघा बसला. डॉक्टर म्हणाले, "बाई, हा तुमच्यापेक्षा जास्त टिकेल." मी म्हटलं, मग मी गेल्यावर काढून दुसऱ्या कुणाला तरी बसवा. त्यांना विनोद कळला नाही. लेकीला कळला आणि ती रागावली.

तिचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर आणताना दोन माणसांनी मला खुर्चीसकट उचललं. खाली मात्र स्वतःच्या पायांनी उतरणार, असं मी जाहीर करून टाकलंय. रोज सकाळी एक व्यायामवाली येते. दिसायला काडी, पण पाय असा पिळते की माझे सगळे पूर्वज आठवतात. ती म्हणते, आधी घरात चाला, मग जिन्यात, आणि सहा महिन्यांनी एखादी सोपी सपाट वाट धरा. चढ-उतार नको, पायाखाली मऊ जमीन असली तर उत्तम. मी म्हटलं, अशी वाट मला माहीत आहे. एकतीस वर्षं तिच्या तोंडाशी बसून नदीचं पाणी मोजलंय.

तर माझं एक काम कर. मोजणीघरापासून तुझ्या दारापर्यंतची पुराच्या रानातली वाट तीन टप्प्यांत चाल आणि मला पत्रातून पाठव. किती पावलं, कुठे वळण, कुठे मूळ आडवं आलंय, कुठे चिखल, सगळं. इथे दारापासून गॅलरीपर्यंत बावीस पावलांचा बोळ आहे. तू लिहिशील तेवढी पावलं मी त्या बोळात घालीन. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, माझी गॅलरीपर्यंत. पण वसंतात खरी वाट चालून तुझ्या दारात उभी राहीन. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी हा पाय पिळून घेतेय, हे लेकीला सांगू नकोस.

आणि बेडकी म्हटलं म्हणून नाक मुरडू नकोस. मी लग्न होऊन आले तेव्हा चौदा वर्षांची तू काठावरून नदीत धपकन उडी मारून मला पाणी दाखवलं होतंस. तेव्हापासून तू बेडकीच.

तुझी
वहिनी

१५ सप्टेंबर

प्रिय वहिनी,

अभिनंदन तुझं करावं की गुडघ्याचं, ते कळेना. दोघांचंही केलं असं समज.

घे पहिला टप्पा. मोजणीघराच्या ओट्यावरून निघाले. घराला कुलूप आहे. तुझी मोजपट्टी पाण्यात तशीच उभी आहे, पण आता ती कुणी वाचत नाही. पुलापाशी यंत्र बसवलंय, ते आपलं आपणच मोजतं आणि कुणाशी बोलत नाही. पन्नास पावलांवर पहिली वाळुंज. ती नदीवर इतकी वाकलीय की दादा तिला 'कंबर धरलेली म्हातारी' म्हणायचा. तिचं मूळ वाटेत आलंय, उजवा पाय जपून उचल. पुढे लव्हाळ्यांतून एकशेवीस पावलं. मग गेल्या पुरानं आणून टाकलेली बारीक रेती, पाय किंचित रुततो, पण तुझी ती काडी म्हणते तसं मऊ. मग सावली सुरू. झाडांच्या खोडांवर माझ्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत वाळलेला गाळ आहे, सगळ्यांनी एकाच मापाचे मोजे घातल्यासारखा. फळ्यांच्या साकवाशी टप्पा संपला. एकूण सहाशेचाळीस पावलं.

तुझी वह्यांची ट्रंक माळ्यावर होती, वाळवीच्या भीतीनं खाली काढली. वह्या उन्हात घालते. तुझ्या ऑफिसातलं कुणी कधीमधी इकडे फिरकतं. त्यांनी मागितल्या तर दाखवू का? नंतर म्हणशील, न विचारता हात लावला.

घाई करू नकोस. वाट कुठे पळून जात नाही.

तुझी
बेडकी

२८ सप्टेंबर

प्रिय बेडकी,

सहाशेचाळीस झाली. पहिल्या दिवशी दोनशेवर बसले, दुसऱ्या दिवशी चारशेवर, काल पुरी केली. साकवाशी पोहोचले तेव्हा प्रत्यक्षात चपलांच्या कपाटापाशी होते. खालच्या मजल्यावर एक म्हातारे शिंपी राहतात. ते लेकीला म्हणाले, तुमच्याकडे कुणी काठीनं कापड मोजतंय का. त्यांना मी निरोप पाठवला की म्हाताऱ्या वाळुंजीला वळसा घालताना काठी जरा जोरात पडते.

वह्या दाखव खुशाल. ऑफिसातल्या मूळ नोंदवह्या तळघरात भिजून लगदा झाल्या, आता माझ्या नकला तेवढ्या उरल्यात. त्या कामी आल्या तर मला बरंच वाटेल. फक्त रेघांची पानं हलक्या हातानं उलट, ती ओल्या हातांनी लिहिलेली आहेत. आठवतं ना? पट्टी चार मीटरची. चारच्या वर पाणी गेलं की पट्टी बुडायची, रानात पाणी भरायचं, आणि मी आकड्याच्या जागी आडवी रेघ मारायचे. नियम होता, वाचता आलं नाही तर जागा कोरी ठेवा. पण कोरी जागा पाहून वाटेल बाई झोपली होती. म्हणून रेघ. मोजण्यापलीकडचं पाणी. कितीदा तूच छत्री धरून माझ्याशेजारी उभी होतीस. हे आता जगात आपल्या दोघींनाच माहीत आहे.

दुसरा टप्पा लवकर पाठव. पाय शिवशिवताहेत, खरंच.

तुझी
वहिनी

१४ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

आज सकाळीच दुसरा टप्पा चालून आले आणि बसल्या बैठकीला लिहितेय.

साकव ओलांडला. अकरा फळ्या, सातवी कुजकी, तिच्यावर भार देऊ नकोस. पुढे वाट डावीकडे वळते आणि जुन्या प्रवाहाच्या काठानं जाते. तिथे सगळी पानगळ झालीय. पानं इतकी वाळलीत की पावलागणिक कुरकुर आवाज येतो, जणू कुणी मागून येतंय. दोनशेदहा पावलांवर तो आडवा पडलेला बुंधा, ज्यावर आपण बसायचो. त्यावर बस, काठी शेजारी ठेव, दम घे. मग सहाशे पावलं सरळ. हवा अगदी कोरडी आहे. शेवटी पांढऱ्या खोडांची झाडं सुरू होतात तिथपर्यंत एकूण आठशेदहा.

इकडे सगळं ठीक. जरा गडबडीत आहे म्हणून आवरतं घेते.

तुझी
बेडकी

२२ ऑक्टोबर

प्रिय बेडकी,

चोराच्या वाटा चोरालाच माहीत, आणि पाण्याच्या मला.

तू १४ तारखेला 'आज सकाळीच' चाललीस. मी निवृत्त झाले, माझे कान नाही झाले. रेडिओवर सकाळचे पाण्याचे आकडे मी अजून ऐकते आणि कॅलेंडरवर लिहिते. १४ तारखेला पुलापाशी चार मीटर नव्वद होतं. म्हणजे तुझ्या कुरकुरणाऱ्या पानांवर कमरेएवढं पाणी होतं आणि माझ्या बुंध्यावर मासे बसले होते. तू पोहत चाललीस का?

आळशी आहेस. घरी पाय वर घेऊन बसून आठवणीतून लिहिलंस आणि मला बोळात आठशेदहा पावलं पळवलंस. मी ती चाललेसुद्धा. आकडा पाहिला तो चालून झाल्यावर. माझ्या तोंडाला पानं पुसायची तर निदान ओली तरी पुसायचीस.

रागावले नाही. पण काळजी वाटते. तू कधी खोटं लिहीत नाहीस. बरं नाहीये का तुला? पाय दुखतोय का? खरं काय ते कळव.

तुझी
वहिनी

५ नोव्हेंबर

प्रिय वहिनी,

पकडलंस. घोटा मुरगळलाय. पायरीवरून घसरले. तुला कळवलं असतं तर तू लेकीला कामाला लावलं असतंस, तिनं जावयाला, आणि सगळी वरात माझ्या दारात आली असती. म्हणून आठवणीतून लिहिलं. त्या दिवशी पाणी आहे हे डोक्यातच आलं नाही. चुकले.

तिसरा टप्पाही आठवणीतूनच पाठवते, आधीच कबूल करते. पांढऱ्या खोडांतून निघालं की वाट रुंद होते. डाव्या हाताला जुना प्रवाह, उजव्या हाताला नदी, आणि मधल्या त्या जिभेवर आपण. सातशे पावलं. शेवटची शंभर थोडी वर चढतात, पण तुझ्या गुडघ्याला कळणारही नाहीत. मग सात घरं, त्यातलं शेवटचं माझं.

एक सांगते, राग मानू नकोस. हिवाळ्यात येऊ नकोस. वाटेवर चिखल आहे, पडलीस तर नवा गुडघा आणि जुनी मी, दोघी कामातून जाऊ. वसंतात ये. तोवर बोळ बरा.

तुझी
बेडकी

१७ नोव्हेंबर

प्रिय बेडकी,

घोट्याचं ऐकून जीव हळहळला. मी तुला आळशी म्हणाले, ते मागे घेते.

तिन्ही टप्पे मी आता एका दमात करते. एकवीसशे पन्नास पावलं. व्यायामवालीनं टाळ्या वाजवल्या. जिनाही उतरले, शिंपीबुवांच्या दारापर्यंत. त्यांनी खुर्ची दिली आणि विचारलं, पोहोचलात का नणंदेकडे? सगळ्या इमारतीला तुझी वाट पाठ झालीय.

आता ऐक. जावयाला २४ तारखेला तुमच्या बाजूला काम निघालंय. तो मला गाडीनं मोजणीघरापर्यंत आणेल. वाट चालणार नाही, वचन देते. नुसती ओट्यावर बसून रान बघेन. तू नावेनं ये किंवा मी तुझ्याकडे येते, आठ दिवस राहते, तुझा घोटा शेकते. शेवटी तू माझी आणि मी तुझी, बाकी कोण आहे आपल्याला?

तुझी
वहिनी

२० नोव्हेंबर (पोस्टकार्ड)

वहिनी, येऊ नकोस. घरात ओल आली आहे, वरची खोली गळतेय, निजायला जागा नाही. घोटा आता बरा आहे. डिसेंबरात मीच कळवते. जावयाला सांग, उगाच वळसा नको. बेडकी.

१६ डिसेंबर

वन्सं,

दहा-बारा दिवसांपूर्वी ऑफिसातून जाड पाकीट आलं. वर आभाराचं पत्र: 'आपण वह्या उपलब्ध करून दिल्याबद्दल.' आत अहवालाची प्रत. मी चष्मा पुसून तीनदा वाचला.

मोजणीघरापासून सात घरांपर्यंत रानातून भरावाचा रस्ता होणार. पुराच्या रानातून रस्ता काढता येत नाही, असा कायदा आहे. पण हे पुराचं रानच नाही, असं सिद्ध झालं. कशावरून? माझ्या वह्यांवरून. पुलापाशीच्या यंत्राचे आकडे अजून दहा वर्षांचे झाले नाहीत, म्हणून ते धरलेलेच नाहीत. माझ्या शेवटच्या दहा वर्षांत पाणी एकदाही चार मीटरच्या वर गेल्याची नोंद नाही. सदतीस ठिकाणी आडवी रेघ आहे. रेघेचा अर्थ काय, असं मोजणीदारबाईंच्या सहायक म्हणून तुम्हाला विचारलं गेलं. तुमचा जबाब जोडलाय, खाली तुमची सही आहे. "त्या दिवशी मोजण्यासारखं काही नव्हतं."

तारीख १४ ऑक्टोबर.

वन्सं, त्या दिवशी पाणी चार मीटर नव्वद होतं. वाट बुडालेली होती. तुम्ही ऑफिसात गेलात कशा? नावेनंच गेला असाल. झाडांमधून नाव वल्हवत गेलात, आणि तिथे बसून सांगितलंत की या रानात पाणी येत नाही. आणि मला पत्र लिहिलंत ते तिथल्याच बाकावर, हाक येईपर्यंत. 'बसल्या बैठकीला.' वाळलेली पानं, कोरडी हवा. जबाबाची तालीम माझ्यावरच केलीत.

ज्या पत्रानं मी तुम्हाला आळशी म्हणून चिडवलं, त्याची आता लाज वाटते. घोट्यासाठी तर मी औषधी तेलाची बाटली बांधून ठेवली होती. घोटा मुरगळलाच नव्हता ना?

मी लगेच ऑफिसला लिहिलं, रेघ म्हणजे काय ते. चार ओळींत उत्तर आलं. हरकती घ्यायची मुदत ३० नोव्हेंबरला संपली. २४ ला मी आले असते तर ओट्यावरूनच खुणेच्या खुंट्या दिसल्या असत्या. म्हणून घरात ओल आली, वरची खोली गळली. 'घाई करू नकोस,' 'वसंतात ये,' 'तोवर बोळ बरा.' मला वाटायचं, किती जपते माझी नणंद.

केसानं गळा कापणं म्हणतात, तो असा कापतात हे मला त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं. परक्यानं रान तोडलं असतं तर मी भांडले असते, हरले असते, विसरले असते. पण तुम्ही माझ्याच हातानं तोडलंत. एकतीस वर्षं मी एकही आकडा खोटा लिहिला नाही, आणि आता त्या वह्या खोटी साक्ष देताहेत.

व्यायामवाली येऊन गेली. मी आज चालले नाही.

वहिनी

४ जानेवारी

वहिनी,

एक्कावन्न वर्षांनी मी 'वन्सं' आणि 'तुम्ही' झाले. ते बाकी सगळ्यापेक्षा जास्त लागलं. मी मात्र तुला 'तू'च म्हणणार, मला दुसरं येत नाही.

तू लिहिलंस ते सगळं खरं आहे. नावेनं गेले. बाकावर बसून लिहिलं. घोटा ठीक होता. साहेबानं विचारलं, रेघ म्हणजे काय, तेव्हा माझ्या तोंडाला कोरड पडली होती. मी म्हटलं, मोजण्यासारखं काही नव्हतं. शब्दाला शब्द धरला तर खोटंही नाही, असं मी घरी येताना स्वतःला सांगत होते. नावाडी मला म्हणाला, बाई, एकट्याच काय पुटपुटताय.

आता माझं ऐक. तू बोल लावलास, तो मी घेतला, पण पुरतं ऐक.

मोजणीघर टेकाडावर. तू ओट्यावरून पूर पाहिलास. तुला तो सुंदर दिसायचा, झाडं पाण्यात उभी, वगैरे. तू पूर मोजलास वहिनी, मी पूर उपसला. दरवर्षी गाद्या वर, धान्य वर, चूल वर, आणि पाणी उतरलं की भिंतीवरचा गाळ खरवडायचा. ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. आमचं जळत नाही, भिजतं, म्हणून कुणाला कळत नाही. तू मला बेडकी म्हणत आलीस. बेडकीला पाणी आवडतं, असं तू धरून चाललीस. चौदा वर्षांची असताना मी उडी मारली ती नव्या वहिनीसमोर मिरवायला. मला पाण्याची तेव्हाही भीती वाटायची.

आणि यजमानांचा तो दिवस. तू तो कधी काढत नाहीस, मीही काढला नाही. सकाळी ते चहा पिता पिता एका अंगावर कलंडले. दारापर्यंत पाणी, वाट बुडालेली. मी तुला फोन केला, कारण नाव मागवायचं बिनतारी यंत्र तुझ्याकडे होतं. मी ओरडत होते. तू म्हणालीस, "एक मिनिट, एवढं लिहून घेते."

नाव चार तासांनी आली. एका मिनिटानं काही फरक पडला नसता, हे मला कळतं. मी वेडी नाही. पण त्यानंतर दोन वर्षं ते एक शब्द बोलू शकले नाहीत, आणि ती दोन वर्षं माझ्या कानात तेवढंच वाक्य होतं. वह्या उन्हात घातल्या तेव्हा मी ते पान शोधलं. त्या तारखेला रेघ आहे. सरळ, स्वच्छ, पट्टीनं मारल्यासारखी. ती पाहिली आणि मग मला साहेबापुढे बोलणं सोपं गेलं.

रस्ता असता तर गाडी आली असती. एवढंच माझं म्हणणं आहे. सात घरांत आता पाच म्हातारी माणसं आहेत. उद्या मी कलंडले तर मला नावेची वाट बघायची नाही.

तू म्हणशील, मागायचं होतंस. मागितलं असतं तर तू दिलं नसतंस. तू रानाकडे बघितलं असतंस, माझ्याकडे नाही.

पत्रं लिहिताना मला सुख होत होतं, हेही खरं. तुला चालवत होते ना मी. दोन्ही गोष्टी एकाच हातानं झाल्या, त्याला मी काय करू? पुढच्या सोमवारपासून तोड सुरू होतेय.

तुझी
नणंद

१९ एप्रिल

वन्सं,

तुमच्या पत्राचं उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा फाडलं. एकात मी फार बरोबर होते आणि दुसऱ्यात फार चांगली.

"एक मिनिट, एवढं लिहून घेते," असं मी म्हणाले असेन. माझ्यासारखंच आहे ते वाक्य. पण मला आठवत नाही. तुम्ही नऊ वर्षं ते उराशी बाळगलंत आणि माझ्या ते ध्यानातही नाही, याचं मला ते वाक्य म्हटल्यापेक्षाही जास्त वाईट वाटतं. त्या मिनिटाबद्दल मी तुमची माफी मागते. यात पुढे 'पण' लिहिणार नाही.

दुसरं. मागितलं असतं तर मी दिलं नसतं. बरोबर आहे. मी नाही म्हणाले असते, ऑफिसात जाऊन तुमच्याविरुद्ध बोलले असते, आणि आपण दोन वर्षं बोललो नसतो. त्यात तुम्ही कदाचित जिंकलाही असता. मला निदान नाही म्हणायची पाळी तरी आणायची होतीत. त्याऐवजी तुम्ही मला बोळात चालत ठेवलंत आणि मी तुम्हाला पावलं मोजून कळवत राहिले. मला सगळ्यात जास्त लाज त्या आनंदाची वाटते.

काल मी येऊन गेले. जावयानं मोजणीघरापाशी सोडलं आणि तो गाडीत थांबला. मी काठी घेऊन निघाले. तुमच्या पत्रांतलं काही उरलेलं नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. दोन्ही बाजूंना बुंधे, आणि मधून खडीचा भराव, नाकासमोर सरळ. मूळ नाही, चिखल नाही, वळण नाही. तेराशे पावलांत तुमची घरं दिसू लागली. व्यायामवालीला अशीच वाट हवी होती, आणि गुडघा एकदाही कुरकुरला नाही. मी अर्ध्यावर थांबून रडले, कारण बसायला जागा नव्हती आणि उभ्यानं रडायची मला सवय नाही.

आता कामाचं, आणि हे नीट वाचा. भरावाखालून पाणी जायला मोऱ्या ठेवलेल्या नाहीत. मी दोन्ही बाजूंनी पाहत आले, एकही नाही. कोरड्या रानाला मोऱ्या कशाला, असा त्यांनी हिशेब केला असणार, आणि तो हिशेब माझ्या वहीतून आणि तुमच्या तोंडून आलाय. पूर येतो तेव्हा पाणी वरच्या अंगानं जुन्या प्रवाहातून रानात शिरतं आणि उतरताना तुमच्या घरांपुढून नदीत परत जातं. ती परतीची वाट आता भरावानं बंद झालीय. येईल तेवढं पाणी तुमच्या अंगणात साठेल आणि तिथेच राहील. पूर्वी दोन दिवसांत ओसरायचं, आता पंधरा दिवस ओसरणार नाही. गाडी दारापर्यंत येईल, पण तुम्ही दारापर्यंत येऊ शकणार नाही.

हे मी ऑफिसला लिहिलंय. ते म्हणतील, वहीत तसं नाही. म्हणून तुम्हाला जावं लागेल. जबाब तुमचा आहे, तो तुम्हीच बदलू शकता. त्याच साहेबासमोर त्याच खुर्चीत बसून सांगा की रेघ म्हणजे काय. लाज वाटेल. रान काही परत येणार नाही, मी रानासाठी सांगत नाही. जाईपर्यंत निजायचं सामान वरच्या खोलीत ठेवा, आणि ती गळत असेल तर, गळत नसावीच म्हणा.

तुम्ही मला दिसलात. अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसला होतात. पाय पुढच्या स्टुलावर ठेवलेले, दोन्ही सुजलेले. केस फार पांढरे झालेत. मी शेवटच्या बुंध्यापाशी उभी होते, फार तर ऐंशी पावलांवर. तुम्ही मान वर केली नाही.

हाक मारली असती तर तुम्ही चहा ठेवला असता, आणि मी तो घेतला असता. म्हणून मारली नाही.

वहिनी